समुद्राच्या पोटातल्या आवाजाचा जमाखर्च

(आमच्या गटाने सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण. वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे घातले आहेत.)

आम्ही मुंबईतल्या परळच्या भोईवाड्यातून बोलतोय. आजचा विषय आहे समुद्राच्या पाण्याखालचा आवाज. हा आवाज येतो कुठून, तो मोजतात कसा, आणि न मोजता त्याचा अंदाज कसा बांधतात, हे आज बघू.

काही जणी म्हणतील, आमच्या गावाला समुद्रच नाही, आम्हाला हे कशाला? पण आपल्याकडे कधी रस्ता येतो, कधी खाण येते, कधी धरण येतं. किनाऱ्यावर बंदर येतं, पूल येतो. प्रत्येक वेळी एक जाडजूड अहवाल येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की परिणाम फारसा होणार नाही. तो आकडा कुठून आला हे विचारायला आपल्याला आलं पाहिजे. समुद्राचा आवाज हे त्याचं चांगलं उदाहरण आहे, कारण त्याचा हिशेब अगदी आपल्या बचत गटाच्या वहीसारखा चालतो. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती.

भवतालचा आवाज म्हणजे काय?

भोई म्हणजे पालखी वाहणारे आणि नदी-तळ्यात मासे धरणारे लोक. आमच्या वस्तीच्या नावात ते राहिलेत. आज इथे पाणी दिसत नाही, पण पूर्वेला शिवडीची खाडी जवळच आहे. मधे रेल्वे, गोदामं आणि मोठे रस्ते. एका बाजूला के. ई. एम., टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं. रुग्णालयापासून शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तरी दिवसा इथे शांतता कुठली? गाड्यांचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक, कुठे तरी चाललेलं बांधकाम, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. यातला एक आवाज वेगळा काढून दाखवा म्हटलं तर जमत नाही. सगळं मिसळून जे कानावर पडत राहतं, तो भवतालचा आवाज. रात्री उशिरा हा आवाज खाली बसतो, तेव्हा दिवसा कधी न ऐकू येणारी लांबची लोकल ऐकू येते. लोकल दिवसाही तेवढीच वाजते. दिवसा ती बाकीच्या आवाजात बुडून जाते, एवढंच.

समुद्रातही असंच असतं. वरून पाणी गप्प दिसलं तरी खाली कायम काही ना काही वाजत असतं. खालच्या प्राण्यांना तर कानांचाच आधार असतो. मुंबईचं पाणी इतकं गढूळ की खाली हातभर अंतरावरचंही नीट दिसत नाही. पण आवाज त्या पाण्यातून आरामात जातो.

पाण्यात आवाज किती जोरात पळतो?

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात तो सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे चौपटीहून जास्त. हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते १८२६ साली, स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात. कोलादों आणि स्टर्म या दोघांनी दोन होड्या दूरदूर उभ्या केल्या. एका होडीखाली पाण्यात घंटा वाजवली आणि त्याच क्षणी वर दारूचा जाळ केला. दुसऱ्या होडीतल्या माणसाने पाण्यात लांब नळी सोडून कान लावला. जाळ दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला. सेकंदाला १४३५ मीटर असं उत्तर आलं. सरोवराचं पाणी थंड होतं आणि गोडं होतं. पाणी जितकं उबदार आणि खारं, तितका आवाजाचा वेग जास्त, म्हणून आपल्या समुद्रात तो १५०० च्या वर जातो.

आता नळीच्या जागी हायड्रोफोन असतो. हायड्रोफोन म्हणजे पाण्यात चालणारा माइक. तो तळाशी नांगरून ठेवतात, आणि तो दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने ऐकत राहतो. भारतात चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यात दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही कामं करतात. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी ग्रांद बेटाजवळ असे माइक ठेवून माशांचे समूहाने काढलेले आवाज नोंदवले आहेत. हो, मासे आवाज करतात. ते पुढे सांगतो.

जमेची बाजू: आवाज करतं कोण?

पहिला वारा. वाऱ्याने लाटा फुटतात आणि पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. हे बुडबुडे वाजतात. वारा वाढला की खालचा आवाज वाढतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढायला सैन्य समुद्र ऐकू लागलं, तेव्हा हे नीट कळलं. क्नुडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली वाऱ्याप्रमाणे आवाज किती वाढतो याचे आलेख छापले. पुढे १९६२ साली गॉर्डन वेंझ यांनी वारा, पाऊस, जहाजं, जीवजंतू असे सगळे आवाज एका आलेखावर मांडले. तो आलेख आजही वापरला जातो.

दुसरा पाऊस. यात एक गंमत आहे. मुसळधार पाऊस मोठ्याने वाजतो हे खरं, पण रिमझिम पावसाचा पाण्याखाली एक वेगळाच बारीक, उंच सूर असतो. लहान थेंब पाण्यावर पडताना एक इवलासा बुडबुडा आत कोंडतो आणि तो सेकंदाला सुमारे १५,००० वेळा थरथरतो. त्यामुळे शास्त्रज्ञ नुसतं ऐकून वर पाऊस कसा पडतोय ते सांगू शकतात.

तिसरी कोळंबी. आपण खातो ती नव्हे. कातळात, पोवळ्यांत, धक्क्याच्या खांबांभोवती राहणारी एक बोटभर कोळंबी असते. तिची एक नांगी दुसरीपेक्षा खूप मोठी. ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, तो लगेच कोसळतो आणि टिचकी वाजते. नांग्या एकमेकींवर आपटून आवाज होतो असं बरीच वर्षं वाटत होतं. तो बुडबुड्याचा आवाज आहे, हे २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिलं. अशा हजारो कोळंब्या एकाच वेळी टिचक्या मारतात, तेव्हा तेलात मोहरी तडतडावी तसं पाणी तडतडतं. उबदार उथळ समुद्रात हा आवाज रात्रंदिवस असतो.

चौथे मासे. घोळ आणि ढोमा आपल्या बाजारात सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि पिशवीला लागून स्नायू असतात. ते स्नायू पिशवीवर ढोलासारखे वाजतात. अंडी घालण्याच्या दिवसांत एकमेकांना बोलावण्यासाठी हा ढोल वाजतो. घोळीच्या याच पिशवीला परदेशात मोठी किंमत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये झाले, ही बातमी तुम्हीही ऐकली असेल. मलेशियात तर पाण्यात डोकं घालून, माशांचा आवाज ऐकून जाळं कुठे टाकायचं ते सांगणारे जाणते कोळी असत.

पाचवा माणूस. जहाजांचे पंखे, होड्यांची इंजिनं, गाळ उपसणारी यंत्रं, समुद्रात खांब ठोकणारे हातोडे. शिवडीच्या खाडीसमोर हे सगळं आहे. एका बाजूला जुनं मुंबई बंदर, पलीकडे १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर, मधे भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँच आणि मासेमारीच्या बोटी. शिवडीहून निघणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर, आणि त्यातले सुमारे १६.५ किलोमीटर पाण्यावर आहेत. तेवढे खांब पाण्यात उभे करावे लागले.

या प्रत्येकाचा सूर वेगळा असतो, हे लक्षात ठेवा. मोठ्या जहाजाची घरघर जाड आवाजात, सेकंदाला काही दहा ते काही शे कंपनं. वारा त्याच्या वर. कोळंबी आणि रिमझिम पाऊस आणखी वर, हजारोंच्या घरात. बहुतेक मासे ऐकतात आणि बोलतात ते मात्र जाड आवाजात, हजारच्या आतबाहेर. म्हणजे बोटीचा आवाज नेमका माशांच्या आवाजाच्या पट्टीत येतो.

खर्चाची बाजू: वाटेत किती गळतं?

आवाज जिथे झाला तिथे मोठा असतो आणि लांब जाता जाता कमी होतो. किती कमी होतो, हे समुद्र कसा आहे त्यावर ठरतं.

खोल समुद्रात आवाज वर, खाली, चहूकडे पसरतो, जसा फुगा फुगत जातो. फुगा मोठा झाला की त्याचं रबर पातळ होतं, तसा आवाज पातळ होतो. उथळ समुद्रात त्याला वर-खाली जायला जागाच नसते. वर पाण्याचा पृष्ठभाग, खाली तळ. आवाज या दोहोंच्या मधे आपटत आपटत पुढे जातो, चाळीच्या लांब गॅलरीतून हाक घुमत जाते तसा. त्यामुळे तो हळू पातळ होतो.

पण प्रत्येक आपटण्यात थोडं काही गळतं. तळ कातळाचा किंवा रेतीचा असेल तर आवाज बराचसा परत उसळतो. तळ मऊ चिखलाचा असेल तर चिखल आवाज गिळतो. पत्र्याच्या खोलीत बोलणं आणि गोधड्या रचून ठेवलेल्या खोलीत बोलणं, यात जो फरक, तोच हा. मुंबईच्या बंदरात आणि शिवडीच्या खाडीत गाळच गाळ आहे. कोकणात पुढे गेलं की कातळाचे पट्टे लागतात. म्हणून रत्नागिरीच्या कातळाजवळ केलेला हिशेब शिवडीला लागू पडत नाही.

एक हिशेब मांडून बघू

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. याची बेरीज-वजाबाकी थोडी निराळी आहे, म्हणून आधी तीन गोष्टी.

एक: डेसिबल १० ने वाढला म्हणजे आवाजाची ताकद दहा पट झाली. २० ने वाढला म्हणजे शंभर पट.

दोन: १०० डेसिबल आणि १०० डेसिबल मिळून २०० होत नाहीत, १०३ होतात. सारख्या दहा होड्या आल्या तर ११०.

तीन: पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात. एकाच ताकदीचा आवाज पाण्याच्या मापाने सुमारे ६२ ने जास्त दिसतो. आपल्या देशात सन २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. त्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५, शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० अशी मर्यादा आहे. हे आकडे हवेतल्या आवाजाचे आहेत. कुणी पाण्यातल्या आकड्याशी त्यांची तुलना करून घाबरवलं किंवा समजूत घातली, तर दोन्ही चूक.

आता हिशेब. समजायला सोपे आकडे धरू. एका होडीचं इंजिन एक मीटरवर १६० डेसिबल आवाज करतं असं धरा. ही जमा. उथळ पाण्यात अंतर दहा पट झालं की साधारण १५ डेसिबल गळतात असं धरा. हा खर्च. म्हणजे १० मीटरवर १४५ उरले. १०० मीटरवर १३०. एक किलोमीटरवर ११५. दहा किलोमीटरवर १००.

आता त्या जागेचा स्वतःचा, वारा-कोळंबीचा आवाज १०० डेसिबल आहे असं धरा. एक किलोमीटरवरच्या माशाला होडी भवतालच्या वर १५ डेसिबल, म्हणजे तीस पटीहून जास्त ताकदीने ऐकू येईल. दहा किलोमीटरवर होडी आणि भवताल बरोबरीचे होतील. त्याही पलीकडे होडी बुडून जाईल, दिवसाच्या लोकलसारखी. आणि त्या दिवशी जोराचा पाऊस पडून भवतालचा आवाज ११५ झाला, तर होडी एक किलोमीटरवरच बुडायला लागेल. होडी तीच, इंजिन तेच. बदलला तो भवताल.

शास्त्रज्ञ मॉडेल म्हणतात ते हेच. फक्त ते एका होडीचं नव्हे, शेकडो जहाजांचं, प्रत्येक सुरासाठी वेगळं आणि प्रत्येक तासाला करतात. वारा किती, पाऊस किती, खोली किती, तळ कसला, पाण्याचा कुठला थर गरम, जहाजं कुठे, हे सगळं संगणकात घालतात. संगणक खाडीच्या प्रत्येक कोपऱ्यातली शिल्लक काढतो. मग जिथे माइक ठेवलाय तिथला खरा आवाज आणि हिशेबातला आवाज ताडून बघतात. जुळला तर मॉडेल बरं. जुळला नाही तर काही तरी नोंदवायचं राहिलं.

उथळ समुद्राचा हिशेब अवघड का?

खोल समुद्रातले आलेख उचलून खाडीत वापरता येत नाहीत. त्याची कारणं किनाऱ्यावरच्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

पहिलं कारण भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी पाच मीटरच्या जवळपास वर-खाली होतं. जिथे मुळातच दहा मीटर पाणी, तिथे हा फार मोठा फरक आहे. पाणी उथळ झालं की जाड आवाज पुढे सरकतच नाही. अगदी ढोबळ हिशेबाने, दहा मीटर पाण्यात सेकंदाला ३७ कंपनांच्या खालचा आवाज लांब जात नाही. पाणी सहा मीटरवर आलं की ही हद्द ६२ वर जाते. तळाच्या चिखलाने ती आणखी सरकते. म्हणजे एकाच जहाजाची घरघर भरतीला एक आणि ओहोटीला दुसरी. भांगाच्या दिवसांत आणखी तिसरी.

दुसरं कारण ऋतू. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं. आवाज नेहमी ज्या थरात त्याचा वेग कमी असतो तिकडे वळतो. म्हणून तो वरून खाली वाकतो, चिखलात जातो आणि संपतो. हिवाळ्यात पाणी वरपासून खालपर्यंत सारखं ढवळलेलं असतं, तेव्हा तोच आवाज जास्त लांब जातो. पावसाळ्यात उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्यांचं गोडं पाणी येतं आणि सगळा हिशेब पुन्हा बदलतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणजे बोटींची जमा कमी. पण वारा आणि पाऊस जोरात, म्हणजे ती जमा जास्त. नुसता एक आकडा बघून पावसाळ्यात समुद्र शांत होता की गोंगाटाचा, हे सांगता येणार नाही. कुणाचा आवाज किती, हे वेगळं काढावं लागेल.

तिसरं कारण होड्यांची मोजणी. मोठ्या जहाजांवर एक यंत्र असतं, ते आपली जागा सतत कळवत राहतं. मॉडेल करणारे ती माहिती घेतात. लहान होड्यांवर हे यंत्र बहुधा नसतं. त्यामुळे संगणकाच्या हिशेबात त्या होड्या नसतातच. पहाटे किती होड्या निघतात, कुठल्या तिथीला निघत नाहीत, डोल जाळी कुठे लागतात, लिलाव कधी होतो म्हणून सगळ्या परत कधी येतात, हे संगणकाला माहीत नसतं. ते धक्क्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला माहीत असतं.

माशांना याने काय फरक पडतो?

आमच्या भोईवाड्याच्या आजूबाजूला गिरण्या होत्या. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालत, तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. माणसं ओठ बघून आणि हातवारे करून बोलत. वर्षानुवर्षं त्या खात्यात काम केलेल्यांचे कानही कमी झाले. गढूळ पाण्यातल्या ढोम्याला ना ओठ दिसतात ना हात. त्याची हाक बोटीच्या घरघरीत बुडाली तर बुडालीच.

मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यालगत कुबडवाले डॉल्फिन राहतात. ते आवाज सोडून, त्याचा पडसाद ऐकून मासे शोधतात आणि शिट्या मारून एकमेकांशी बोलतात. त्यांनाही गोंगाट नडतो. याचा एक ठळक पुरावा कॅनडाच्या फंडी उपसागरातून मिळाला. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वाहतूक खूप कमी झाली. पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला, म्हणजे ताकद एक चतुर्थांश झाली. त्या दिवसांत तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत ताण दाखवणारी द्रव्यं कमी सापडली. हा अभ्यास २०१२ साली छापून आला. तो शक्य झाला, कारण आवाज आणि विष्ठा या दोन्हींच्या नोंदी ती घटना घडण्याआधीपासून चालू होत्या.

आम्ही असं म्हणत नाही की मासे घटले ते आवाजानेच घटले. बारीक आसाची जाळी, सांडपाणी, बेसुमार उपसा, तापणारं पाणी, अशी कारणं बरीच आहेत. पण आवाजाचा वाटा किती, हे सांगायला आधीची नोंद लागते. काम सुरू झाल्यावर मोजायला गेलं, तर जो गोंगाट आहे तोच भवताल म्हणून वहीत लिहिला जातो. मग पुढचं सगळं त्याच्याशीच ताडून बघतात, आणि परिणाम नाही असं उत्तर येतं. गटाच्या वहीत सुरुवातीची शिल्लक लिहिलीच नाही, तर वर्षाच्या शेवटी पैसे वाढले की गेले, कोण सांगणार?

मग आपण काय विचारायचं?

मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा गोषवारा मराठीतही ठेवावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, पंचायतीत किंवा पालिकेत तो बघायला मिळतो. आपण तोंडी बोलू शकतो आणि लेखीही देऊ शकतो. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदरासाठी अशी सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७६,२२० कोटी रुपयांच्या त्या बंदराला मंजुरी दिली. बंदर हवं की नको, हे आमच्या आजच्या बोलण्यात नाही. पुढे कुठेही सुनावणी झाली तर आपल्या हातात चांगले प्रश्न असावेत, एवढंच.

हे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. काम सुरू होण्याआधी पाण्याखालचा आवाज मोजला का? किती दिवस, कुठल्या ऋतूत, भरतीला की ओहोटीला? फक्त दोन-चार दिवस मोजला असेल तर ती सुरुवातीची शिल्लक नव्हे.

२. हिशेबात इथला तळ धरला की दुसरीकडचा? इथली खोली, इथलं उधाण धरलं का?

३. आमच्या लहान होड्या हिशेबात आहेत का? नसतील तर त्यांची नोंद आम्ही देतो, ती घ्या.

४. खांब ठोकणार की भोक पाडून बसवणार? ठोकण्याचा आवाज जास्त असतो. ठोकायचेच असतील तर बुडबुड्यांचा पडदा लावणार का? तळाशी भोकं पाडलेला पाइप टाकून त्यातून हवा सोडतात. बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि ती आवाज अडवते. जर्मनीत समुद्रात खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावर एका ठोक्याचा आवाज १६० डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. म्हणून तिथे हे पडदे सर्रास वापरतात. आणि ठोकण्याचे महिने मासे अंडी घालतात ते महिने सोडून ठेवणार का?

५. काम चालू असताना कोण मोजणार, आणि ते आकडे आम्हाला कुठे बघायला मिळणार?

हे प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. डोंगराजवळच्या गटांनी पाण्याखालच्या आवाजाच्या जागी खाणीचा सुरुंग घाला, तळाच्या जागी डोंगराचा दगड घाला. पहिला प्रश्न तोच राहतो: आधीची नोंद कुठे आहे?

गटाच्या बैठकीसाठी

येत्या बैठकीत दहा मिनिटांचा एक खेळ घ्या. सगळ्या जणी डोळे मिटून पाच मिनिटं गप्प बसा. जे जे ऐकू येईल ते मनात मोजा. मग एकीने वहीत तीन रकाने करून लिहा: निसर्गाचे आवाज, माणसांचे आवाज, यंत्रांचे आवाज. तारीख, वेळ, हवा कशी होती तेही लिहा. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी हे करा.

किनाऱ्यावरच्या गटांनी यासोबत होड्यांची नोंद ठेवावी. तिथी, भरतीची वेळ, किती होड्या गेल्या, कुठल्या इंजिनाच्या, कुठला मासा आला. घरातल्या जुन्या तांडेलांना विचारा, घोळीचा, ढोम्याचा आवाज होडीत बसून कधी ऐकू यायचा का, कुठे आणि कुठल्या महिन्यात. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत उतरवून घ्या. वर्षभराची अशी वही झाली की ती ग्रामसभेत मांडा आणि एक प्रत पंचायतीत देऊन पोच घ्या. पोच जपून ठेवा.

पुढच्या भाषणात आम्ही ग्रामसभेत लेखी अर्ज कसा द्यायचा ते सांगणार आहोत. तोवर तुमच्या नोंदी आम्हाला कळवत राहा.